एकशे एकोणपन्नास रुपयांची तक्रार कोण करणार?

छत्रपती संभाजीनगरात मोबाइलचे काही काम निघाले की पैठण गेट गाठायचे आणि संगणकाचे निघाले की सिडकोतल्या कॅनॉटमध्ये चक्कर टाकायची, ही रीत अजून मोडलेली नाही. ग्लास बसवणे, चार्जिंगची पिन बदलणे, बॅटरी फुगली म्हणून दाखवायला नेणे, ही कामे घरबसल्या होत नाहीत. पण चार्जर, डेटा केबल, माऊस, पेनड्राइव्ह, पॉवर बँक, इअरफोन या किरकोळ मालाचा मोठा ओघ आता मोबाइलच्या पडद्यावरूनच येतो. वाळूजच्या कामगाराच्या खोलीवर येतो, विद्यापीठातल्या वसतिगृहात येतो, आणि कन्नड, सिल्लोड, वैजापूरच्या गावांतही येतो. गावातल्या माणसाला एका केबलसाठी शहरात यायचे तर एसटीच्या येण्याजाण्याच्या भाड्यात दुसरी केबल येईल. त्यामुळे ऑनलाइन खरेदीच्या नावाने गळा काढण्यात अर्थ नाही. ती सोय खरी आहे आणि ती राहणार आहे. प्रश्न वेगळा आहे. या मालातली स्वस्ताई नेमकी कुठून येते? माझे म्हणणे असे की तिचा बराचसा भाग ‘माल बिघडला तर जबाबदार कोण’ हा खर्च गाळून येतो. आणि तो गाळणे परवडते, कारण १४९ रुपयांसाठी कोणी भांडत नाही. म्हणून हा माल घेताना ‘केवढ्याला’ याच्या आधी ‘हा बिघडला तर माझे काय जाईल’ हे विचारले पाहिजे.

हा बाजार गेल्या काही वर्षांत कसा आकाराला आला ते थोडक्यात पाहू. ऑक्टोबर २०२० मध्ये अ‍ॅपलने आयफोनच्या खोक्यातून चार्जर काढून टाकला. जानेवारी २०२१ मध्ये सॅमसंगने आपल्या महागड्या फोनपासून तेच केले. कारण पर्यावरणाचे दिले गेले. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर खोक्यात मिळणारी वस्तू बाहेरून विकत घ्यायची वेळ आली. त्याच काळात कोरोनामुळे शाळा आणि कचेऱ्या घरात आल्या, आणि हेडफोन, वेबकॅम, माऊस या वस्तू चैनीच्या उरल्या नाहीत. चीनमधून एकेक नग थेट मागवण्याची वाट मात्र बंद झाली. ‘भेटवस्तू’ म्हणून ५,००० रुपयांपर्यंतचा माल विनाशुल्क आणण्याची सवलत डिसेंबर २०१९ मध्ये गेली, जून २०२० मध्ये क्लब फॅक्टरीवर बंदी आली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्स्प्रेसवर. माल थांबला नाही, फक्त त्याचा रस्ता बदलला. आयातदार तो घाऊक आणतो, त्यावर कुठलेसे नाव छापले जाते आणि देशातल्याच विक्रेत्याच्या खात्यावरून तो विकला जातो. २०१५ मध्ये बंगळूरमध्ये सुरू झालेल्या मीशोने २०२१ मध्ये विक्रेत्यांकडून कमिशन घेणे बंद केले, तेव्हा शंभर-दीडशे रुपयांची वस्तूही गावोगाव पोहोचवणे विक्रेत्याला परवडू लागले. आज एकाच साच्यातून निघालेला चार्जर पाच वेगवेगळ्या नावांनी एकाच पानावर शेजारी शेजारी दिसतो, आणि त्या पाचही नावांमागे कोण आहे ते कळत नाही.

आता १४९ रुपयांच्या चार्जरचा हिशेब मांडू. या किमतीत १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे सुमारे २३ रुपये सरकारजमा. उरले १२६. कुरिअर आणि पॅकिंगला पन्नास रुपये धरले तर ७६ उरतात. परत येणारा माल, जाहिरात आणि विक्रेत्याचा नफा यांना पंचवीस-तीस रुपये द्या. हा सगळा ढोबळ अंदाज आहे, कोणाचे आकडे थोडे वर असतील, कोणाचे खाली. पण कसाही हिशेब केला तरी खुद्द वस्तूसाठी, तिचा आयातदार आणि कारखानदार धरून, चाळीस-पन्नास रुपयांच्या आसपासच रक्कम उरते. एवढ्यात प्लास्टिकचे कव्हर उत्तम होते, मोबाइलचा स्टँड उत्तम होतो. भिंतीतल्या २३० व्होल्टला हात घालणारे यंत्र एवढ्यात होते का, हे चार्जर उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

चार्जरच्या आत दोन घरे असतात. एका घरात भिंतीतली वीज येते. तिचे एकदिश विजेत रूपांतर झाले की तिथे सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो. दुसऱ्या घरात फोनला जाणारे पाच व्होल्ट. दोन्हींच्या मध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर आणि त्याचे इन्सुलेशन एवढीच भिंत. चांगल्या चार्जरच्या सर्किट बोर्डवर या दोन घरांत काही मिलिमीटरची मोकळी जागा राखलेली असते, कधी तिथे बोर्डच कापून फट ठेवलेली असते, आणि ट्रान्सफॉर्मरच्या तारांवर दुहेरी-तिहेरी आवरण असते. पैसे वाचवायचे तर नेमके इथेच वाचतात, कारण हे काहीच बाहेरून दिसत नाही आणि त्याच्याशिवायही फोन चार्ज होतोच. बनावट चार्जरमध्ये ही जागा मिलिमीटरच्याही आत आलेली असते. अमेरिकेतल्या यूएल या सुरक्षा-तपासणी संस्थेने २०१६ मध्ये अ‍ॅपलच्या नावाचे ४०० बनावट चार्जर तपासले. विद्युत-सुरक्षेच्या चाचणीत ९९ टक्क्यांहून जास्त नापास झाले. फक्त तीन टिकले. बारा चार्जरची रचना तर इतकी वाईट होती की त्यांच्यापासून जीवघेण्या धक्क्याचा धोका होता. लक्षात घ्यायचे ते असे की हे चार्जर दिसायला हुबेहूब होते.

केबलचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण केबलमध्ये बिघडण्यासारखे काय असणार असेच आपल्याला वाटते. गूगलमधले अभियंते बेन्सन लुंग यांनी २०१५ च्या अखेरीस अ‍ॅमेझॉनवरच्या टाइप-सी केबल स्वतः विकत घेऊन तपासायला सुरुवात केली. एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी असलेल्या केबलमध्ये ५६ किलो-ओहमचा एक रोध असावा लागतो. तो फोनला सांगतो की समोरचा स्रोत साधा आहे, बेताने वीज घे. अनेक स्वस्त केबलींत त्याऐवजी १० किलो-ओहमचा रोध निघाला. मग उपकरण समजते की तीन अँपिअर मिळतील, तेवढी मागणी करते, आणि जुना चार्जर किंवा लॅपटॉपचे पोर्ट त्या ओझ्याखाली जाते. फेब्रुवारी २०१६ मध्ये तर आतल्या तारा उलट जोडलेल्या एका केबलने लुंग यांचा तपासणीचा लॅपटॉपच जाळला. त्यानंतर मार्चमध्ये अ‍ॅमेझॉनने नियमात न बसणाऱ्या टाइप-सी केबलींना मनाई केली. पैशा-दोन पैशांच्या एका रोधाचा हा फरक हजारो खरेदीदारांना दिसला नव्हता. तो दिसायला मीटर हातात घेतलेला एक जाणकार माणूस लागला.

तिसरी फसवणूक आकड्यांची. ‘२ टीबी पेनड्राइव्ह, ४९९ रुपये’ अशा जाहिरातीतला नग संगणकाला लावला तर संगणकही २ टीबीच दाखवतो, कारण आतल्या फर्मवेअरला तसे सांगायला शिकवलेले असते. खरी जागा बत्तीस-चौसष्ट जीबी असते. ती भरेपर्यंत सारे सुरळीत चालते; त्यानंतर नवी फाइल जुन्या फाइलवर लिहिली जाते किंवा नुसते नाव उरते आणि आत काहीच नसते. लग्नाचे फोटो देणारा स्टुडिओ, टॅलीचा बॅकअप ठेवणारा दुकानदार, प्रबंधाचे टंकलेखन सांभाळणारा विद्यार्थी यांना हे कळते तेव्हा माल परत करायची मुदत केव्हाच संपलेली असते. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ ही मोफत साधने पूर्ण जागा भरून, पुन्हा वाचून ही लबाडी उघडी पाडतात. पेनड्राइव्ह आला त्या दिवशीच ती चालवावीत. पॉवर बँकेला तर वजनकाटा पुरतो. त्यात अनेकदा वापरली जाणारी १८६५० आकाराची गोल बॅटरी ४५ ते ५० ग्रॅमची असते आणि चांगल्यातली चांगली सुमारे ३,५०० एमएएच साठवते. म्हणजे २०,००० एमएएचला अशा सहा बॅटऱ्या हव्यात, आणि नुसत्या बॅटऱ्यांचेच वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या घरात जाते. दीडशे ग्रॅमची ‘२०,००० एमएएच’ पॉवर बँक असूच शकत नाही. आणि खरी १०,००० एमएएचची पॉवर बँकही फोनला साधारण सहा-साडेसहा हजारच देते, कारण आतली मोजणी ३.७ व्होल्टवर असते आणि बाहेर वीज पाच व्होल्टने जाते. ही फसवणूक नव्हे. पण प्रामाणिक कंपनी तो खरा आकडा खोक्यावर छापते.

या तिन्ही उदाहरणांवरून मालाची वाटणी किमतीने न करता परिणामाने करता येते. कव्हर, स्टँड, माऊसपॅड, टेंपर्ड ग्लास, तारेचा माऊस, साधा तारेचा इअरफोन: हे बिघडले तर फक्त पैसे जातात. इथे सर्वात स्वस्त ते खुशाल घ्यावे, ब्रँडच्या नावाला भुलू नये. चार्जर, लॅपटॉपचा अडॅप्टर, पॉवर बँक, बदली बॅटरी, एक्स्टेन्शन बोर्ड: हे बिघडले तर यंत्र जाते, घराला आग लागू शकते, माणूस दगावू शकतो. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, एसएसडी: हे बिघडले तर जे पुन्हा विकत मिळत नाही ते जाते. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात निनावी माल घेऊ नये, मग तो ऑनलाइन असो की काउंटरवरचा. केबल पहिल्या आणि दुसऱ्या गटाच्या मधली, तिच्यामागे नाव-पत्ता असलेला उत्पादक हवाच.

पहिला आक्षेप कायद्याचा असतो: हे सगळे ग्राहकाने कशाला पाहायचे, सरकार कशासाठी आहे? नियम आहेत, आणि बरेच चांगले आहेत. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ चा आहे. चार्जर, पॉवर बँक आणि पुढे वायरलेस इअरफोनही त्यात आले. अशा वस्तूवर भारतीय मानक ब्युरोचे (बीआयएस) चिन्ह, आयएस क्रमांक आणि ‘आर’पासून सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असावाच लागतो, आणि तो क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की उत्पादकाचे नाव समोर येते. जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचे नाव-पत्ता आणि माल कुठल्या देशाचा ते दाखवावे लागते, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात निवाडा करावा लागतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागण्याचा हक्क दिला. विक्रेता दिल्लीचा असो की सुरतेचा, कन्नडचा ग्राहक संभाजीनगरच्या जिल्हा आयोगात जाऊ शकतो, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्क नाही. उत्पादक कोण ते कळत नसेल तर सदोष मालाची जबाबदारी विक्रेत्यावर टाकण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे.

मग अडते कुठे? व्यवहारात. शुल्क शून्य असले तरी कागद जमवणे, अर्ज लिहिणे, तारखेला हजर राहणे यांत जो दिवस मोडतो त्याची मजुरीच वस्तूच्या किमतीच्या कितीतरी पट असते. शहाणा माणूस केबल कचऱ्यात टाकतो आणि नवी मागवतो. सरकारी कारवाई होते ती मोठ्या मालावर. मानकाबाहेरचे २,२६५ प्रेशर कुकर विकले गेले म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनला १ लाख रुपये दंड आणि ग्राहकांना परताव्याचा आदेश दिला. मार्च २०२५ मध्ये मानक ब्युरोने दिल्लीतल्या अ‍ॅमेझॉनच्या गोदामावर पंधरा तास झडती घेऊन साडेतीन हजारांहून अधिक वस्तू जप्त केल्या. त्यांत गीझर आणि मिक्सर होते. या कारवाया योग्यच आहेत. पण शंभर रुपयांच्या चार्जरमागे कोणी पंधरा तास घालवील, अशी आशा धरण्यात अर्थ नाही. कायदा हक्क देतो आणि वस्तूची किरकोळ किंमत तो वापरू देत नाही, हे या बाजाराचे मूळ गणित आहे.

दुसरा आक्षेप: चार तारे आणि दहा हजार अभिप्राय पाहून घेतो, मग फसणार कसे? अभिप्राय बहुधा पहिल्या आठवड्यात लिहिला जातो. वस्तू वेळेवर आली का, रंग चित्रासारखा आहे का, फोन चार्ज होतो का, एवढेच तेव्हा कळते. इन्सुलेशन किती जाड आहे, पेनड्राइव्ह भरल्यावर काय होते, हे त्या आठवड्यात कोणालाच कळलेले नसते. शिवाय पान तेच ठेवून आतली वस्तू बदलता येते, आणि विकत घेतलेले अभिप्राय हा स्वतंत्र धंदा आहे. त्याला आळा बसावा म्हणून मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढले, पण ते ऐच्छिक ठेवले. तारे ग्राहकाचे समाधान मोजतात, सुरक्षितता मोजत नाहीत. पहिल्या गटातल्या वस्तूंना समाधान पुरते. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाला ते पुरत नाही.

तिसरा आक्षेप शहराच्या जिव्हाळ्याचा: मग आपल्या माणसाकडून, पैठण गेटवरून घ्या की! इथे प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. काउंटरवरचा बराचसा माल त्याच कारखान्यांतून आणि त्याच आयातदारांकडून येतो. ‘कंपनीचा की चायना’, ‘ओरिजनल की फर्स्ट कॉपी’ असे विचारूनच भाव सांगितला जातो, आणि ‘इथेच चेक करून घ्या, नंतर गॅरंटी नाही’ हेही सांगितले जाते. ऑनलाइन खरेदीत बिल मिळते पण माणूस भेटत नाही. काउंटरवर माणूस भेटतो पण पक्के बिल मागितले तर चेहरा पडतो. तरीही दुकानाचा एक फायदा मोठा आहे: वस्तू हातात घेऊन तिच्यावरचे बारीक अक्षर वाचता येते, वजन जोखता येते, आणि दुकानदार उद्याही तिथेच असतो. संभाजीनगरच्या व्यापाऱ्यांनी नोंदणी क्रमांकाचा माल वेगळा लावून, त्याला पक्के बिल आणि सहा महिन्यांची बदलून देण्याची हमी दिली, तर ऑनलाइनच्या वीस रुपयांच्या फरकाला ग्राहक भुलणार नाही. आज तसे होत नाही, म्हणून नुसते ‘स्थानिक घ्या’ म्हणणे हा युक्तिवाद अपुरा आहे.

चौथा आक्षेप सर्वात वजनदार आहे: ज्याचा फोनच आठ-दहा हजारांचा, त्याने दीड-दोन हजारांचा कंपनीचा चार्जर घ्यायचा? अजिबात नाही. मोबाइल कंपन्यांनी चार्जर खोक्यातून काढून महाग विकणे ही ग्राहकाची अडवणूकच आहे. पण दीडशेचा निनावी आणि दोन हजारांचा कंपनीचा, असे दोनच पर्याय नाहीत. नोंदणी क्रमांक असलेले, उत्पादकाचा पूर्ण पत्ता छापलेले भारतीय नावांचे चार्जर काही शेकड्यांत मिळतात. स्वस्त घेणे आणि निनावी घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट नुसत्या नावावरही विसंबू नये. याच शहराजवळ चितेगावात दूरचित्रवाणी संच बनवणारी व्हिडिओकॉन देशभर घराघरांत पोहोचली होती, आणि २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. नाव मोठे असले तरी हमी कायमची नसते. म्हणून आज हातात असलेला, तपासता येणारा क्रमांक महत्त्वाचा.

उरतो शेवटचा आक्षेप: लाखो लोक हे चार्जर रोज वापरतात, कुठे काय होते? बहुतेकांना काही होत नाही, हे खरे आहे. निकृष्ट इन्सुलेशन रोज दगा देत नाही. वादळात दाब उसळला, ओल आली, चार्जर रात्रभर गादीवर तापत राहिला, तेव्हा ते दगा देते. मराठवाड्यातल्या खेड्यांत दाब खालीवर होणे नवे नाही, आणि चार्जिंगला लावलेला फोन कानाला धरून बोलणेही नवे नाही. ज्या दिवशी भिंत कोसळेल त्या दिवसासाठी ती भिंत असते. तिची गरज पडली नाही म्हणून ती वायफळ ठरत नाही.

आणि ही भिंत मागण्याची सवय या शहराला नवी नाही. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्याभोवती सुट्या भागांचे शेकडो उद्योग उभे राहिले. तिथे पुरवठादाराच्या साध्या नटबोल्टलाही लॉट असतो; बिघाड निघाला की तो कोणत्या दिवशीच्या, कोणत्या लॉटचा हे शोधून काढावे लागते. दिवसभर असा माल बनवणारा कामगार संध्याकाळी खोलीवर ज्या चार्जरला फोन लावतो, त्याच्यावर ना लॉट, ना पत्ता. ही विसंगती एकेकट्याने मोडणार नाही. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून दाखवले आहे की किरकोळ ग्राहक एकत्र आला तर किरकोळ राहत नाही. आजचा कायदाही समान तक्रार असलेल्या अनेकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकाला दाद मागू देतो. महाविद्यालये, गृहनिर्माण संस्था, कामगार संघटना यांनी हे करण्यासारखे आहे. सरकारकडे मागणी एकच हवी: सक्तीच्या यादीतल्या वस्तूचा ‘आर’ क्रमांक विक्रीच्या पानावरच दिसला पाहिजे आणि तो भरल्याशिवाय ती वस्तू विकायला लावताच येऊ नये. वस्तू हातात आल्यावर क्रमांक शोधायला लावणे म्हणजे पैसे भरून झाल्यावर भाव विचारण्यासारखे आहे.

तोवर वाचकाने एवढे करावे. दिवाळीच्या सेलमध्ये कव्हर आणि स्टँड मनसोक्त घ्यावेत. चार्जर, पॉवर बँक किंवा बॅटरी घेताना पानावरची छायाचित्रे मोठी करून नोंदणी क्रमांक शोधावा. तो दिसत नसेल तर ती वस्तू सोडावी. आल्यावर तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तपासावा, पेनड्राइव्ह त्याच दिवशी पूर्ण भरून पाहावा, बिल आणि जाहिरातीचे छायाचित्र जपून ठेवावे. क्रमांक खोटा निघाला तर १४९ रुपयांचे काय एवढे, असे न म्हणता १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांकावर नोंद करावी. पैसे परत मिळोत न मिळोत, नोंद राहते. आणि ‘या मालाची तक्रारच नाही’ असे म्हणण्याची सोय विक्रेत्याला आणि सरकारला उरत नाही.